चौदावा

आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. दोन हात लांब, हातभर रुंद. अक्षरं इंग्रजी. पावसाने आणि दरवर्षीच्या चुन्याने ती बुजत चाललीत, पण बोट फिरवलं की लागतात. या गावातून ९२ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यातल्या १४ जणांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या गावोगाव सापडतात. कुठे देवळाच्या ओट्यावर, कुठे शाळेच्या दारात. आमच्या पाटीखाली बाजाराच्या दिवशी शेळ्या बांधतात.

पाचवीत आम्हाला इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी पहिल्यांदा ती पाटी अडखळत वाचली आणि पळत घरी येऊन पणजीला सांगितलं, "मोठी आय, आपल्या गावची चौदा माणसं मेली म्हणं लढाईत!"

ती जात्यावर मिरच्या दळत होती. हात न थांबवता म्हणाली, "चौदा न्हाई. तेरा."

"अगं, दगडावर लिवलंय."

"लिवू दे. चौदावा यायचाय."

घरात कुणी काही बोललं नाही. आईने चुलीत लाकूड सारलं. आजोबा, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, उठून बाहेर गेले. मला तेवढं कळलं की चौदावा म्हणजे आमचा पणजोबा.

पणजोबा ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. १९१४ साली दिवाळीच्या तोंडावर ती पलटण मुंबईहून बोटीत चढली आणि बसऱ्याच्या बाजूला उतरली. तात्या तेव्हा रांगत होते. मोठी आय अठरा वर्षांची. दिवाळीचे अनारसे करून पाठवायचे म्हणून तिने खसखस विकत आणली होती, पण पलटण निघून गेली. ही गोष्ट ती दर दिवाळीला सांगायची, अनारसा खसखशीवर थापता थापता.

पुढचं मी मोठेपणी वाचून जुळवलं. सहावी पुणे डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली, मार खाऊन मागे फिरली आणि तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाच्या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. शेवटी शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली, पण तेवढ्याने काय होणार? घोडे कापून खायची पाळी आली. आपल्यातल्या पुष्कळांनी घोड्याला तोंड लावायला नकार दिला आणि उपाशी राहिले. शरण आल्यावर कैद्यांना समारापर्यंत रेल्वेनं नेलं आणि तिथून उन्हाळ्यात वाळवंटातून चालवलं, तिक्रित, मोसूल, रास-अल-ऐन. तिथे रेल्वेच्या रुळांच्या कामाला जुंपलं.

१९१९ साली शेजारच्या गावचा एकजण जिवंत परत आला. मोठी आय सासऱ्याबरोबर त्याला भेटायला चालत गेली. सासरा पुढं बसला, ती दाराआड उभी. तो म्हणाला, "तिक्रितच्या अलीकडं वाटंच्या कडंला बसल्याला बघितला. आमाला थांबू दिलं न्हाई."

सासऱ्याने डोकं धरलं. दाराआडून मोठी आयने विचारलं, "बसल्याला का पडल्याला?"

"बसल्याला."

"बसल्यालं मानूस उठतं," ती म्हणाली आणि सासऱ्याच्या आधी घराकडे चालू लागली.

त्यानंतर ४७ वर्षं ती त्याच वाक्यावर राहिली. कपाळाचं कुंकू तिने पुसलं नाही. बोटभर आडवं, ठसठशीत. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात डोरलं. विधवेच्या पेन्शनीचा कागद आला तेव्हा दोन वर्षं अंगठा दिला नाही. घरात जोंधळा नव्हता, तात्यांची शाळा सुटली, ते दुसऱ्याची गुरं वळायला गेले. मग दुष्काळात तिने अंगठा दिला. तलाठी म्हणाला, "आता कुंकू कशाला?" तर म्हणाली, "अंगठा पोटासाठी दिला. कुकू न्हाई दिलं."

गावाला हे झेपणारं नव्हतं. सरकारदरबारी विधवा आणि गावात सवाष्ण, अशी बाई कुणी बघितली नव्हती. काही घरं तिला हळदीकुंकवाला बोलवायची, काही टाळायची. एका लग्नात तिच्यापुढचं ओटीचं ताट एकीने मागे घेतलं. त्या दिवसापासून ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. पण रस्त्याने जाताना बाया विचारायच्या, "काय कळलं का गं तिकडचं?" आणि ती उत्तर द्यायची, "आजून न्हाई." कुणी चेष्टेनं विचारायचं, कुणी मायेनं. उत्तर एकच.

बारा वर्षं झाल्यावर भाऊबंदांनी तात्यांना गाठलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग पालाशविधी करतात. पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे माणूस गेला असं ठरतं. भटजींनाही प्रश्न होता, शस्त्राने गेला असेल तर श्राद्ध घातचतुर्दशीला, तसं नसेल आणि तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला. तात्या चौदा-पंधरा वर्षांचे, जाणत्यांपुढे बसलेले. मोठी आय आतून आली आणि म्हणाली, "पुतळा जाळायचा आसल तर आदी मला जाळा." विषय संपला. पण तात्यांच्या मनातून नाही. आपली शाळा, आपली जमीन, भावकीतला मान, सगळं या बाईच्या कपाळावरच्या बोटभर रेघेपायी गेलं असं त्यांना वाटायचं. ते आईशी कामापुरतंच बोलायचे.

१९६६ च्या उन्हाळ्यात मोठी आय गेली. मी बारा वर्षांचा होतो. अंगणात तिला आंघोळ घालायला बाया जमल्या आणि तिथेच वाद सुरू झाला. हिला नेसवायचं काय? सवाष्णीला हिरवं लुगडं, मळवट, ओटी, बांगड्या. विधवेला यातलं काही नाही. एक म्हातारी म्हणाली, "सत्तर वर्साची झाली, आता तरी खरं ते करा." दुसरी रडत होती. मयत आंगणात आणि बाया दोन बाजूंना. भटजी बाहेर पारावर थांबलेले.

तात्या ओसरीवर बसले होते. ते उठले, घरात गेले, आईची पेटी उघडली. तळाशी एक हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं. तिनेच ठेवलेलं. ते आणून बायांच्या पुढं टाकलं आणि म्हणाले, "आईला ह्ये नेसवा. मळवट भरा." आवाज फुटत नव्हता. म्हातारी काहीतरी बोलायला गेली, तसे म्हणाले, "तिचा दाल्ला मेल्याला कुणी बघितलाय का? मग गप बसा."

मोठी आय सवाष्ण म्हणून गेली. तात्यांना मी आयुष्यात एकदाच रडताना बघितलं, ते त्या दिवशी.

एक गोष्ट मात्र मला पुष्कळ उशिरा लक्षात आली. इतक्या वर्षांत मी पणजोबाचं नाव मोठी आयच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत. दगडावर नाव नाही, तिच्या तोंडात नाव नाही. तात्यांच्या नावामागे बापाचं नाव लागायचं, ते तलाठ्याच्या दप्तरात आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर आजोबांच्या मागे कुठेतरी. तेवढंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो. दर ७ डिसेंबरला ध्वजदिन. सशस्त्र दलांच्या निधीसाठी १९४९ पासून हा दिवस पाळतात. आम्ही मुलांकडून नाणी गोळा करायचो आणि त्यांच्या सदऱ्याला छोटा कागदी झेंडा टाचणीनं लावायचो. संध्याकाळपर्यंत निम्मे झेंडे ओढ्यात पडलेले असायचे. कुतचा वेढा सुरू झाला तीच ही तारीख, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

२०१८ च्या दिवाळीला मुलाने आम्हा दोघांना इंग्लंडला बोलावलं. तो लेस्टरला असतो. ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. हिने आणि सूनबाईंनी अनारसे केले. दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर दुकानात गेलो तर दाराशी एक पाठीत वाकलेला म्हातारा उभा. कोटावर पदकं, पुढ्यात कागदी फुलांची पेटी, बाजूला पैशांचा डबा. लाल कागदाच्या पाकळ्या, मध्ये काळं बटण, हिरवा देठ. येणारा-जाणारा डब्यात नाणं टाकतो, फूल घेतो, कोटाला लावतो. मला वाटलं कुठल्या देवाचं असेल. मीही एक पौंड टाकला. त्याने माझ्या स्वेटरला स्वतः फूल लावलं आणि विचारलं, मी कुठून आलो.

घरी नात म्हणाली, "आजोबा, पॉपी! आमच्या शाळेत पण देतात."

"पॉपी म्हणजे?"

सूनबाई स्वयंपाकघरातून हसत म्हणाल्या, "खसखस, बाबा. अनारशाला लावली ना, त्याच्या भावकीतलं फूल."

आपली खसखस अफूच्या बोंडातली, हे लाल फूल शेतात तणासारखं उगवणारं, जात वेगळी पण कुळी एक. पहिल्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्समध्ये तोफांनी जमीन उलथीपालथी झाली. हे बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जमीन ढवळली, उजेड लागला की उगवतं. त्यामुळे नव्या थडग्यांवर पहिलं हेच फूल आलं. ते बघून जॉन मॅक्रे नावाच्या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने १९१५ मध्ये एक कविता लिहिली. ती वाचून अमेरिकेतल्या मोइना मायकेल या शिक्षिकेने १९१८ मध्ये असं फूल अंगावर लावायचं ठरवलं. फ्रान्सच्या ॲना गेरँ या बाईंनी कापडी फुलं विकून विधवा-अनाथांसाठी पैसे उभे केले. इंग्लंडमध्ये माजी सैनिकांच्या संघटनेने १९२१ पासून ती विकायला घेतली, आणि पुढच्याच वर्षी लढाईत जायबंदी झालेले लोक बसून फुलं बनवू लागले. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या, म्हणून त्या तारखेपर्यंत फूल लावायचं. १९३३ साली तिथल्या बायकांच्या एका संघटनेने पांढरी फुलंही काढली, पुन्हा लढाई नको म्हणून. यात बाया किती आहेत, हे मला वाचताना जाणवत राहिलं.

त्या वर्षी लढाई संपल्याला शंभर वर्षं होत होती, आणि हिंदुस्थानी सैनिकांच्या आठवणीसाठी खादीचं फूल काढलं होतं. मुलाने एक मिळवून आणलं. खादी, आणि लाल. मी ते हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग मोठी आयची गोष्ट मुलाला पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत सांगितली. त्याला फक्त 'पणजोबा लढाईत गेले' एवढंच ठाऊक होतं. ते तरी कुणी सांगितलं असणार? मीच सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "बाबा, नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. त्याने संगणक उघडला. युद्धात गेलेल्यांची नोंद ठेवणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आहे, त्यांच्या याद्या घरबसल्या बघता येतात. नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून बघितलं. रात्री अकराच्या सुमाराला तो म्हणाला, "बाबा, इकडं या."

नाव होतं. मोडक्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, पण बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. ११७ मराठा. स्मारक बसऱ्याचं. आणि मृत्यूची तारीख, १९१६ च्या ऑगस्टमधली.

मी बोटांवर मोजलं. शरणागती एप्रिलच्या शेवटी. तिक्रितची वाट मे-जूनमधली. तारीख ऑगस्टमधली.

म्हणजे तो वाटेच्या कडेला बसलेला माणूस उठला होता. उठून चालला होता. पुढं दोनेक महिने कुठंतरी जगला होता.

मोठी आयचं खरं होतं. सगळं नाही, पण ते एक वाक्य खरं होतं. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बसऱ्याच्या स्मारकाची आणखी एक गोष्ट मुलाने वाचून दाखवली. तिथे चाळीस हजारांवर लोकांची आठवण आहे, पण भिंतीवर नावं कोरली ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. आपल्या साध्या शिपायांचे पलटणीखाली फक्त आकडे. नावं वहीत. पुढे २०२१ मध्ये कमिशनने अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. मला आमच्या चावडीची पाटी आठवली. इकडंही आकडा, तिकडंही आकडा.

११ तारखेला रविवार होता. लेस्टरच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मोठी कमान आहे, लुटेन्सने बांधलेली. दिल्लीचं इंडिया गेट त्याचंच. तिथे हजारो माणसं जमली होती. शीख म्हातारे फेट्यात, गोरी मुलं बापाच्या खांद्यावर, प्रत्येकाच्या छातीवर लाल ठिपका. अकरा वाजता दोन मिनिटं सगळं थांबलं. एवढ्या माणसांत एक शब्द नाही. शेजारच्या बाईने माझ्या खादीच्या फुलाकडे बघून नंतर हळूच विचारलं, हे वेगळं का? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने पणजोबाचं नाव विचारलं आणि दोनदा म्हणून बघितलं, उच्चार नीट यावा म्हणून. परक्या देशातल्या परक्या बाईने ते नाव मोठ्यानं घेतलं, आणि मला मोठी आयची आठवण झाली, जिने ते कधीच घेतलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला परत आलो. तोवर मुलाने गावाच्या नावाची आणखी स्पेलिंगं लावून चौदांपैकी नऊ नावं शोधून दिली होती. ही यादी आणि पणजोबांची तारीख मी चुलत भावाला दाखवली. तो थोरला, घरात त्याचा शब्द चालतो. म्हणाला, "मग आता तिथी मिळाली की. पंचांग काढून श्राद्ध घालू. शंभर वर्सं उपाशी हाय त्यो जीव."

मी म्हणालो, "आण्णा, मोठी आयला चाललं असतं?"

"ती गेली. आता तिकडं दोघं एकत्रच आसतील. तिला कळलंच आसंल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. एकदा वाटतं त्याचं बरोबर. एकदा वाटतं, पन्नास वर्षं एका बाईनं अडवून धरलेलं दार आपण कागदाच्या एका ओळीवर उघडू नये. शेवटी आण्णांनी घातलं. मी गेलो नाही, पण त्या दिवशी घरी जेवलोही नाही.

७ डिसेंबरला शाळेतल्या पोरांनी सदऱ्याला झेंडा लावला. त्याच्याशेजारी मी खादीचं फूल लावलं. अकरा नोव्हेंबरपर्यंतचा नियम त्यांचा. आपल्याला काय? तसाच चावडीपुढच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. शेळी सोडायला एक म्हातारी आली, वरच्या आळीतली, ऐंशीच्या पुढची. माझ्या छातीकडे बघून म्हणाली, "गुर्जी, ह्ये काय वं लाल लावलंय?"

"बसऱ्याला गेले आन परत आले न्हाईत, त्यांची खूण हाय."

ती शेळीची दोरी हातात धरून उभी राहिली. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आमचा आज्जा पन गेलता. आज्जी सांगायची. त्यो पन न्हाई आला."

"नाव काय त्यांचं?"

तिने सांगितलं. आमच्या यादीत ते नव्हतं.

मी खिशातला कागद काढला आणि नवाच्या खाली दहावं नाव लिहिलं. तिने विचारलं, "लिवलं का?" मी वाचून दाखवलं. "परत वाचा," म्हणाली. मी परत वाचलं.

मला तेव्हा कळलं की मोठी आयच्या कपाळावरचं ते कुंकू काय करत होतं. ती गप्प बसली असती, पांढऱ्या कपाळानं घरात राहिली असती, तर दोन वर्षांत कुणी काही विचारलं नसतं. कुंकू दिसायचं म्हणून माणसं विचारायची, चेष्टेनं का होईना. आणि विचारलं की तिला सांगावं लागायचं.

पुढच्या वर्षी २६ जानेवारीला माजी सैनिकांनी वर्गणी काढून चावडीच्या जुन्या पाटीखाली मराठी अक्षरांची पाटी बसवली. पणजोबांचं नाव तिच्यावर आहे. ते मी इथे लिहीत नाही, पाहिजे तर गावात येऊन वाचा. एकूण दहा नावं आहेत. खाली चार ओळी कोऱ्या सोडल्यात. रंगारी म्हणाला होता, मोकळ्या बऱ्या दिसत नाहीत, वेलबुट्टी काढतो. मी नको म्हटलं. बाजाराला येणारी माणसं ती मोकळी जागा बघून विचारतात, इथं कुणाची नावं यायचीत?